एकतीस मीटर

जीपच्या बोनेटवर दुपट्टा अंथरून
कोडापेने दोन्ही मांडून ठेवल्यात:
एक लांब दुर्बीण, नऊपट मोठं दाखवणारी,
आणि एक आखूड नळी, आगपेटीएवढी,
जिच्यात लाल ठिपका आहे, बाकी काही नाही.
दोन्ही सकाळीच पोत्यावर जुळवून घेतल्यात.
"लवकर ठरवा जी साहेब. सुई भरून झाली."

लाखोळीच्या शेतापलीकडे, सिंदीच्या बेटात,
वाघीण बसली आहे.

दुर्बिणीतून पाहिलं की ती माझी एकट्याची होते.
मिशीचा एकेक केस,
पुठ्ठ्यावर बसलेली गोमाशी,
श्वासाबरोबर हलणारा पट्टा.
सतरा वर्षं मी असंच पाहिलं तिच्या गोताला,
एक डोळा मिटून.

मिटलेल्या डोळ्यात काय राहून जातं
ते मला चिचटोल्याला कळलं.
काचेत वाघाची मांडी होती, स्वच्छ, भरगच्च,
आणि काचेबाहेर, डाव्या अंगाला,
मोहाच्या झाडावरून उतरत होता एक पोरगा,
मोबाइल दातात धरून.
मी घोडा ओढला नाही.
शहाणपण माझं नव्हतं,
खांदा कोडापेने दाबला होता.

ठिपक्याला दोन्ही डोळे उघडे लागतात.
वाघीण मग लहान दिसते, आहे तेवढीच,
पण सिंदीमागचा कालवा दिसतो,
कालव्यावर उभं अर्धं गाव,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून बसलेला म्हातारा,
आणि काल जिची गाय गेली ती बाई,
हातातला विळा तिने अजून ठेवलेला नाही.

खरं सांगायचं तर
माझा डोळा आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे.
ब्रह्मपुरीचा चष्मेवाला म्हणाला, बुबुळाला बाक आलाय.
ठिपका मला गोल दिसतच नाही,
पिचलेल्या करवंदासारखा दिसतो,
एका बाजूला ओघळलेला.
बटण दाबून उजेड कमी केला, दोन घरं, तीन घरं,
की थोडा आवरतो.
हे मी साहेबांच्या फॉर्मवर लिहिलेलं नाही.

डॉक्टर रामटेके अंतर मोजून म्हणतात, "एकतीस."
गॅसचा दाब लावतात.
सुई गोळीसारखी सरळ जात नाही,
पोरानं चिंचेला मारलेल्या दगडासारखी जाते, पोट काढून.
आणि एकतीस मीटरला नऊपट लावणं म्हणजे
समोर बसलेल्या माणसाला फोन लावणं.
पण सव्वापाच झालेत.
उजेड गेला तर लांब नळीच थोडाफार गोळा करील.

मी ठिपका चढवला.
दुर्बीण कोडापेच्या हातात दिली,
"तुम्ही तिच्याकडं बघत राहा."

तो बराच वेळ बघतो.
"डावा कान फाटला हाये जी.
मागल्या सालीची, आपण सोडली होती, तेच हाये."

हे मला आत्ता कळायला नको होतं.

ठिपका तिच्या मांडीवर आहे असं मला दिसतं.
तिच्यावर तो नाहीच.
तिनं वळून पाहिलं तरी तिला लाल काही दिसायचं नाही.
तो माझ्या काचेत आहे,
माझ्या बाक आलेल्या बुबुळात,
पिचलेला, थरथरता.

कालव्यावर कुणीतरी शिट्टी घालतं.
ती मला दोन्ही डोळ्यांनी ऐकू येते.
बोट अजून घोड्याबाहेरच आहे.