उलट्या पावलांनी

आज दिगंबर आला नाही.
ब्यूरोतून फोन आला: मेव्हण्याचं लग्न, खेडला,
बदली माणूस उद्या.
(पप्पा त्याला कधी नावानं हाक मारत नाहीत,
"अहो भाऊ" म्हणतात.
दिगंबरचा अर्थ त्यांना कळतो.)

म्हणजे आज मी.

माझगाव, तिसरा मजला,
मोरीचा पडदा, प्लॅस्टिकचा स्टूल, कोमट पाण्याची बादली,
आणि स्टूलवर श्री. शमुवेल अमोलिक,
निवृत्त फिटर, गोदी;
एकतीस वर्षं रविवारच्या शाळेचे मास्तर;
मांडीवरचा पंचा दोन्ही मुठींत गच्च.

डोळे मिट, म्हणाले.
मिटले. साबण सापडेना.

मग पाठमोरी झाले,
नोहाच्या त्या दोन शहाण्या मुलांसारखी,
खांद्यावर चादर घेऊन उलट्या पावलांनी तंबूत शिरलेली.
बाप पिऊन उघडा पडलाय,
न बघता झाकायचं.
झाकणं जमतं तसं.
आंघोळ घालणं जमत नाही.
माझा हात मागे, त्यांच्या कानात फेस.

"पप्पा," मी भिंतीला म्हणाले,
"पाप कुठलं मग? त्याचं उघडं असणं,
की तिसऱ्यानं बघून बाहेर जाऊन सांगणं?"

गप्प. एरवी अध्याय, ओवी, सगळं आलं असतं.

मिशनचं एक चित्रांचं पुस्तक होतं घरात.
त्यातल्या आदाम-हव्वेला त्यांनी
खाकी कागदाचे झगे कापून खळीनं चिकटवले होते,
हव्वेच्या झग्याला कॉलरसुद्धा.
नवव्या वर्षी मी थुंकी लावून तो सोलला.
कागदाबरोबर चित्रही निघालं.
खाली पाप नव्हतं. अंगही नव्हतं.
नुसता पांढरा, लवदार पुठ्ठा.

देव संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत आला,
फळावरून रागावला.
अंगाबद्दल फक्त विचारलं,
नागवा आहेस हे तुला सांगितलं कोणी?
उत्तर मिळालं नाही,
आदाम बायकोकडे बोट दाखवण्यात गुंतला होता.
मग देव शिवायला बसला.
अंजिराची पानं अंगाला खाजतात,
त्याला माहीत असणार, त्यानंच केलेली.
कातड्याचे अंगरखे शिवून दिले,
मारून झाल्यावर आई जेवायला वाढते तसे.

यशयाला तर स्वतःच म्हणाला, फेड.
तीन वर्षं तो तसाच फिरला.
आमच्या नेसबिट रोडवर
तीन मिनिटांत गाडीत घातला असता.

"आणि पेत्र?" मी विचारलं.
होडीत उघडा, जाळं ओढतोय,
किनाऱ्यावर प्रभू दिसला,
तर आधी अंगरखा चढवला आणि मग पाण्यात उडी.
हा धडा आला की आम्ही पोरं हसायचो,
मास्तरही, मिशीतल्या मिशीत.

"टाकीत," ते अचानक म्हणाले.

"जहाजाच्या पोटात. मे महिना, लोखंड तापलेलं.
मी, कासम, डिमेलो, तो सावंतवाडीचा मुका.
अंगावर दोरा नसायचा.
दिवा एकाच्या हातात, हातोडी दुसऱ्याच्या.
तिथं कोणी कोणाला सांगितलं नाही."

किती वर्षं?

"अकरा."

आईला माहीत होतं?

"ती डबा द्यायची. टाकीतलं काय सांगायचं."

अकरा वर्षं.
आणि शनिवारी रात्री, कंदिलाशी,
हव्वेची कॉलर कापत.

मी वळले.
त्यांनी डोळे मिटले होते, या खेपेला त्यांनी.
छाती केवढीशी झालेली,
बरगडीखाली भाजल्याचा जुना डाग, रुपयाएवढा,
माझ्या चव्वेचाळीस वर्षांत न पाहिलेला.
पंचा मुठीतच होता. राहू दिला.
भोवतीनं घासलं.

"पाठ जोरात," म्हणाले.
"कासम काथ्यानं घासायचा."

काथ्या घरात नाही.
उद्या आणते, म्हणाले,
उद्या बदली माणूस येणार
हे विसरून.