कुडाळचा ळ

पहाटे साडेचारला फॅक्टरीतून सतरा लाद्या भरतो,
भुसा, वर गोणपाट, त्यावर भोकं पडलेली ताडपत्री,
आणि कणकवलीच्या मासळीबाजाराकडे निघतो.

पहिला बोर्ड म्हणतो: कणकवली ३१.
हेडलाइट पडला की अक्षरं अशी उजळतात
की न मानायची सोय नाही.
मग पूल, पेट्रोलपंप, एक टोलनाका,
दर लिहिलेला, काच बसवलेली, आत कुणी नाही.
चांगला पुढे गेल्यावर
दुसरा बोर्ड म्हणतो: कणकवली ३३.

पास्कू, माझा क्लीनर, ताडपत्रीची दोरी धरून म्हणतो,
"कणकवलीच सरकता रे. तिका बर्फ नको आसा."

पुढे 'काम चालू, सावकाश जा'.
त्या बोर्डावर घोसाळ्याचा वेल चढलाय,
गेल्या गणपतीत पिवळी फुलं 'सावकाश'पर्यंत पोचली होती.
काम म्हणजे तेवढंच.
आणि उडी मारणारं हरीण, त्रिकोणात.
इथे हरीण कुणी बघितलेलं नाही. येतो तो गवा.
त्याचं चित्र लावलं नाही कुणी.
तो उडी मारत नाही. तो उभा राहतो.

उड्डाणपुलाच्या तोंडाशी दोन बाण:
'शहर' डावीकडे, 'शहर' सरळ.
सरळ गेलात तर शहर खाली राहतं,
लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेले सोलांचे सुपे,
दात घासणारा एक माणूस, जो आता ओळखीचा झालाय,
आणि मग शहर संपल्याचा बोर्ड.
एकदा मी तसाच वरून गेलो, पाच किलोमीटर,
वळायला जागा मिळेपर्यंत लाद्यांचे कोपरे गोल.
बोर्ड काहीही म्हणोत,
अंतर किती ते मला भुशातून गळणाऱ्या पाण्यावरून कळतं.

परतीला ऊन, रिकामा टेम्पो, आणि गाव:
कुडाल.
थोडं पुढे कुडळ.
हुमरमळ्याच्या उतारावर तर सरळ कुदळ.
आणि कसाल, ज्याने कधी मागितला नव्हता,
त्याला मात्र ळ दिलेला. कसाळ.
कुणाचा काढून कुणाला.

लवू पांचाळाला हे सोसेना.
सव्वीस वर्षं त्याने मैलाचे दगड रंगवले,
पिवळा माथा, पांढरं पोट, काळी अक्षरं.
म्हणे, "ळ काढताना हात दोनदा वळवायचा असतो,
आणि मधे श्वास सोडायचा नाही.
जिथे हे छापतात तिथल्या जिभेला तो ठाऊक नसेल,
त्यांचा काय दोष.
पण माझ्या आडनावात आहे ना."

मग एका रविवारी पणदूरच्या पुढे मी टेम्पो बोर्डाला टेकवला.
लवू हौद्यावर, हौद्यात स्टूल, स्टुलावर लवू.
आधी ल हिरव्या रंगाने पुसला,
मग पांढऱ्या ऑइलपेंटचा ळ,
एवढा गोल, एवढा भरलेला
की शेजारचा डा कारकुनासारखा दिसायला लागला.
खाली उतरून त्याने विडी पेटवली, बोर्डाकडे बघितलं नाही.

चूक पहाटे कळली.
छापील अक्षरं उजेड परत फेकतात,
लवूचा रंग तो पिऊन टाकतो.
दिवसा कुडाळ.
रात्री हेडलाइटमध्ये फक्त: कुडा.

कुडा म्हणजे पोटदुखीवर देतात ते कडू झाड.
कुडा म्हणजे मनात वाईट असलेला माणूसही.
लवूला सांगितलं नाही.

परवा हुबळीचा एक ट्रकवाला त्याच बोर्डाखाली थांबलेला,
हातात बिल्टी, तोंडात ब्रश.
कागदावर कुडाळ, बोर्डावर कुडा,
मोबाइलला रेंज नाही.
मला हात केला. विचारलं, हे तेच का?

पास्कू हसायला लागला. मी पूर्वेला बघितलं.
डोंगरामागे अजून काही नव्हतं,
नुसतं जरा कमी काळं.
म्हटलं, चूळ भरून घ्या, चहा असेल तर प्या.
पाऊण तासात होईल तेच.