नऊशे ग्रॅम

सदर बझारात, भोईटेंच्या दुकानी
बुटांच्या ढिगाखाली सापडली ती.
शेवाळी रंग, करकरीत घडी,
वासात थोडं रॉकेल, थोडा उंदीर.
सुभेदारांनी ती काट्याला टांगली.
"नऊशे ग्रॅम. यात माणूस झोपतो.
जास्ती पायजे आसंल तर घर बांधा."

कोपऱ्यात पांढरा नंबर छापलेला,
शेवटचे तीन आकडे पुसलेले.
कुणाची होती, मी विचारलं.
"सरकारची," म्हणाले,
आणि न मागता पन्नास रुपये कमी केले.

डिसेंबरातला शनिवार. चाळकेवाडीचा सडा.
दस्तगीर शिकलगारनं नवा तंबू काढला:
निळा, चेनवाला, साडेचार किलो,
काड्या जोडायचा कागद चिनी भाषेत.
मी दोन काठ्या उभ्या केल्या, दोरी ताणली,
वर ताडपत्री टाकली
धोतर वाळत घालावं तशी.
सड्यात खुंटी शिरत नाही,
चार बोटं माती, खाली नुसता जांभा.
मग दगड.
चौदा आयलेटं, चौदा दगड, चौदा वेळा
नाडीचा वळसा आणि बोटांना शिव्या.
वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवली.
"वाऱ्याला त्वांड दावू नगा, पाठ दावा,"
भोईटेंनी निघताना सांगितलं होतं,
कुठे शिकले ते सांगितलं नव्हतं.

रात्रभर पवनचक्क्या.
कुणी ओली चादर झटकतंय,
झटकतंय, पण वाळत काही घालत नाही.

दोनच्या सुमाराला दस्तगीर आला,
काखेत गोधडी,
हातात तुटलेली चेन.
"सरक."
सरकलो.

झोप दोघांनाही नव्हती. त्यानं बॅटरी वर मारली
तर नेमकं डोक्यावर ठिगळ.
बाकी सगळी शिवण फौजी,
शेवाळी दोरा, टाके कवायतीला उभे.
ठिगळाचा दोरा मात्र राणी रंगाचा.
टाके बारीक, मग लांब, मग पुन्हा बारीक,
मधेच उठून भात उतरवावा लागला असेल
तसे.

म्हणजे कधीतरी ही सुट्टीवर आली होती.
कुणाच्या तरी मांडीवर पसरली होती.

दस्तगीरची आई झंपर शिवायची, करंजे पेठेत.
त्यानं अंगठा फिरवला ठिगळावरून,
डॉक्टर पोट तपासतात तसा.
"गाठ आतल्या बाजूला घेतलीय," म्हणाला.
"झोपणाऱ्याला टोचंल म्हणून
बाई गाठ बाहेर घेते.
हिनं आत घेतली."
थोड्या वेळानं म्हणाला,
"पाणी येऊ नये म्हणून आसंल."
मग आणखी थोड्या वेळानं:
"किंवा टोचावी म्हणूनच."

बॅटरी विझवली.

सकाळी दवानं ताडपत्री जड झालेली,
किलोच्या वर सहज. काटा नव्हता, खांदा होता.
दगड जिथले तिथं ठेवले, एक सोडून;
तो दस्तगीरनं का घेतला विचारलं नाही.
घडी दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा घातली ती
राणी रंग आत राहील अशी.