सिंगल बेल

तळजईच्या पायथ्याशी धुमाळचा गाडा.
दुधी, गव्हांकुर, आवळा, बीट.
माझा चेहरा बघून तो रोज बीटच उचलतो,
"ताई, रक्त वाढतंय बघा यानं."
मी रोज दुधी सांगते.

कसं सांगू त्या बाबाला
की माझं रक्त कमी नाही, जास्त झालंय.
इतकं, की दर दीड महिन्याला
साडेतीनशे मिली काढतात
आणि फेकून देतात.
भिंतीवर लिहिलेलं असतं, रक्तदान हेच जीवदान.
शेजारच्या खाटेवरच्या पोराला
बिस्किटचा पुडा, सर्टिफिकेट, फोटो.
मला कापसाचा बोळा
आणि पुढची तारीख.

सोहोनी मॅडमनी कागदावर गोल गोल काढून समजावलं.
मला पहिल्या चारपाच गोलांतच कळलं होतं.
संध्याकाळची सहाची कात्रज.
आत मुंगीला जागा नाही, दारात चौघं लोंबकळतायत,
आणि इंजिन बिचारं पहिल्या गिअरवर कण्हतंय.
म्हटलं, म्हणजे माणसं उतरवायची.
त्या हसल्या. "हो. पण गाडी उभी ठेवायची नाही.
रोज चाला. बसून राहिलात तर गुठळी होईल."

माणसं उतरवली. थकवा उतरला नाही.

लोक विचारतात, थकवा म्हणजे नक्की काय होतं,
आणि मी तोंड उघडायच्या आत
स्वतःचा सांगतात.
माझा झोपून उठल्यावरचा आहे.
पातेलं खाली उतरवलं
आणि का उतरवलं ते आठवेपर्यंत
ओट्याला टेकून उभी, असा आहे.
भिजल्या गोणपाटाचे पाय.
ऊन पाण्यानं आंघोळ केली की अंगभर सुया,
म्हणून डिसेंबरातही कोमटच.

बावीस वर्षं स्वारगेट डेपोत काढली,
तेव्हा टेकडीवरच्या बाकांना मी स्टॉपांची नावं दिलीत.
गेटजवळचा, पंचमी.
गिरिपुष्पाखालचा मोडका, अरण्येश्वर.
मग पद्मावती, मग बालाजीनगर.
वर जिथून मोराचा आवाज येतो
ते कात्रज असणार. अजून गेले नाही.

जगदाळे रोज मला तीनदा मागे टाकतात.
मनगटावर घड्याळ, घड्याळात पावलं.
"मनावर घ्या ताई, मनावर!"
ड्रायव्हरनं गाडी कशी चालवावी हे सांगणारे पासवाले
मी खूप पाहिलेत.
त्यांना शेवटपर्यंत नेऊन सोडायचं असतं, बस.

एकदा मात्र घेतलं मनावर.
श्रावणातली सकाळ, अंग हलकं,
पद्मावती मागे पडलं, बालाजीनगर आलं,
बाकावर कुणी नव्हतं, मी एकटीच हसले.
मग मंगळवार, बुधवार, गुरुवार
पलंगावर, पंख्याकडे बघत.
सूनबाईनं भाजीच्या पिशवीला हातही लावू दिला नाही.

पडल्या पडल्या आठवत राहिलं
मी बावीस वर्षं काय ओरडत होते.
पुढे सरका, आत जागा आहे.
नव्हती. कधीच नव्हती.
ओरडलं की माणसं सरकायची, एवढंच.
पायांशी तेवढं खोटं आता
बोलवत नाही.

आता दमायच्या आधी थांबते.
ऐकायला सोपं वाटतं.
दमल्यावर कुणीही थांबेल,
अंगात अजून दोन स्टॉपांचं बळ असताना बसायचं
म्हणजे स्वतःलाच उतरवल्यासारखं वाटतं, मधेच, सुटे नाहीत म्हणून.
तरी अरण्येश्वर आलं की
हात आपोआप वर जातो, नसलेल्या दोरीकडे.
एकदाच ओढते.
बसते. मुंग्यांची रांग बघते.
जगदाळ्यांची दुसरी फेरी जाते.
मग वाटलं तर डबल, नाही तर
तिथूनच परत.

आज परतताना धुमाळनं हात बीटकडे नेला
आणि मधेच थांबला, दुधीकडे वळला.
म्हटलं, दे रे, बीट दे आज.
"रक्तासाठी ना?"
नाही. रंग बघायचाय.
ग्लास उन्हात धरला.
मॅडमच्या बाटलीतल्यापेक्षा
पुष्कळ पातळ होता.