उंचवटा

तांपेरे, जानेवारी. साडेतीनलाच अंधार.
इर्मेलीने रबराच्या चकतीला पीळ दिला
आणि धरून ठेवला.
ताण उतरत गेला: आधी भरभर,
मग दारात बूट शोधत रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.

आता उलट गणित.
या एका वक्रावरून ओळखायचं,
आत कोण क्षणात विसरलं, कोण तासांनी.
आकड्यांत लिफ्टचा हादराही मिसळलेला.
लगाम सैल सोडला की नसलेली शिखरं उगवतात;
आवळला की सगळं सपाट, सभ्य,
खोटं.

उजव्या टोकाला, दहा हजार सेकंदांपाशी,
एक उंचवटा.
"गोंगाट," वेइयो म्हणाला, कोट चढवत.
असेल.
तिने लगाम आणखी आवळला.
उंचवटा बसला, पण गेला नाही.

तिने नवी चकती कापली,
लिफ्टवर चिठ्ठी लावली:
उद्या सकाळपर्यंत जिना वापरा.