दीड इंच

हर्णैच्या बर्फ-कारखान्यात मी लाद्या काढायचो
सुरमईसाठी, पापलेटासाठी,
भुशात गुंडाळून.
इथं अल ऐनला दीड इंच बर्फ राखतो
बावीस माणसांना पडायला.
अमोनियाचा वास तोच.

टीमचं नाव फलज. खालच्या गटात, खालून पहिली.
मिलोश पुलांचा इंजिनियर, गुडघ्याला पट्टा.
डग शाळेत भूगोल शिकवतो, शिव्या मात्र फ्रेंचमध्ये देतो.
गोलात रोडेल, इस्पितळातला नर्स,
रात्रपाळीच्या आधी येतो, मुखवट्याआड जांभया देतो.
आणि खल्फान, एकोणीस वर्षांचा,
ज्याच्या आजोबांनी पहिल्यांदा बर्फ पाहिला
तो परक्याच्या घरी, सरबताच्या ग्लासात,
आणि काच समजून बोटानं बाजूला काढला.

मला सगळे पार्कर म्हणतात.
परकार, मी एकदा सांगितलं.
ओके पार्कर, म्हणाले.

संध्याकाळी वाढदिवसांची मुलं असतात,
प्लास्टिकचे पेंग्विन धरून गोल गोल फिरतात.
ती गेली की मी यंत्र बाहेर काढतो,
अंगण सारवावं तसा
कडेकडेनं आत येतो, हात न उचलता.
मागून गरम पाणी सुटतं.
बर्फ गुळगुळीत व्हायला गरम पाणी लागतं,
हे गावी अजून कुणी खरं मानत नाही.

ऑक्टोबरात मस्कतकडून नऊ-एक.
तो एक खल्फानचा, स्टिकला नव्हे, ढुंगणाला लागून गेलेला.
नोव्हेंबरात दुबईच्या दोन टीम आल्या,
दोघींनी धुतलं, वाळत घातलं.
डिसेंबरात अबूधाबीची बस धुक्यात अडकली.
गुण आम्हाला फुकट.
तरी रोडेल सगळी चिलखतं चढवून
गोलासमोर उभा राहिला अर्धा तास,
समोर कुणी नाही,
मधूनच पाय पसरून काहीतरी अडवायचा.
मी दिवे बंद केले नाहीत.

जानेवारीत खरा विजय. चार-तीन.
मिलोशनं मला उचलून फिरवलं,
माझ्या पायात रबरी चपला, एक कुठंतरी उडाली.

फेब्रुवारीत डगच्या शाळेनं करार वाढवला नाही.
जाताना स्टिक माझ्या खोलीच्या दाराशी ठेवून गेला.
तिनं मी पंख्यावरची जळमटं काढतो.

शेवटचा सामना एप्रिलात. आम्ही दोन-पाच मागे.
तिसऱ्या सत्रात दुसऱ्या कम्प्रेसरनं दम सोडला.
बाहेर रात्री अकराला एकतीस अंश.
बर्फाला घाम फुटला,
पक मध्येच थांबायचा, चिखलात पडलेल्या नाण्यासारखा.
पंचांनी मला बोलावलं. बर्फ गेला म्हणालास
तर सामना रद्द, पुन्हा शून्यापासून.
सगळी टीम माझ्या तोंडाकडे.
मी गुडघे टेकले, तळवा टेकवला.
हर्णैला लादी अशीच जोखायचो:
हात चिकटला तर माल, सरकला तर पाणी.

सरकला.

मान वर केली तर खल्फान,
घामानं निथळत, हळूच मान हलवत होता: नको.
खेळा, म्हटलं. आठ मिनिटं आहे अजून.
सात टिकला.
हरलो दोन-सहा.

मे महिन्यात बर्फ मोडला.
तांबडी रेघ निळीत गेली,
जांभळं पाणी नळीतून मागच्या घाफच्या झाडाखाली.
मैना आल्या, प्यायल्या, उडाल्या.
तळाशी सापडलं:
पट्टीचा तुकडा, पेंग्विनचा डोळा,
माझ्या चपलेचा अंगठा,
आणि एक दात.

दाताचा फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला, कुणाचा म्हणून.
तिघांनी हक्क सांगितला.
त्यातला एक तर मॉन्ट्रियलहून.

दात मी काडेपेटीत ठेवलाय.
सप्टेंबरात पहिला थर ओतताना
बघू.