नववं रीळ

फळ्यावर लिहितो : रूढ संकेत.
खडू मोडतो.
हुक्केरीहून येणारी मुलगी विचारते,
सर, संकेत म्हणजे क्लू का?
नाही, म्हणतो मी. आणि मग, हो, जवळजवळ तेच.

मला हे शिकवलं निपाणीच्या बायकांनी,
फर्म्यावर पान ठेवून कात्री चालवता चालवता.
रविवारी मॅटिनीला पुढच्या बाकांवर
आई, तंगेव्वा मगदूम, हाजराबी,
पदरांना तंबाखूचा वास इतका
की मागचा माणूस शिंकायचा आणि सगळ्या हसायच्या.

हिरो पडद्यावर आला की हाजराबी सांगायची,
ह्याला गोळी दंडालाच लागणार, डाव्या.
उजव्यानं अजून मोटार चालवायचीय.
तंगेव्वाचं लक्ष त्या हसऱ्या इन्स्पेक्टरवर :
मरतंय बघ बिचारं,
आत्ताच खिशातनं बायकोचा फोटो काढला न्हवं.
पूल दिसला की तुटायचाच,
न तुटणारा पूल दाखवायला कोण खर्च करंल?
मूर्तीच्या डोळ्यातला हिरा काचेचा असतो,
हे तर मलाही ठाऊक होतं, दुसरीत होतो.

आई चेहरे बघत नसे. हात बघायची.
पंचवीसच्या कट्ट्यात एक बिडी कमी असली तर
तिच्या अंगठ्याला कळायचं.
ह्यो सेक्रेटरी म्हणं, ती पुटपुटली,
बोटाला शाईचा ठिपका न्हाई.

त्या काळी एकच प्रिंट दोन गावांत फिरायची.
कागलात एक रीळ संपलं की
भरमू हुंदरे डबा राजदूतला बांधून निघायचा,
कागल महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात,
मध्ये कोगनोळीचा नाका.
त्या दिवशी नवा पोलीस होता. डब्याला काठी लावून म्हणाला,
इद्राग एनैति?
भरमू खरं बोलणारा माणूस.
खुनी आहे साहेब, म्हणाला,
आठ रिळं शोधाय लागल्यात, ह्यात सापडतोय.

इकडे आठवं संपलं.
हिरोनं काळ्या बुरख्याला हात घातलेला,
आणि पांढरा पडदा, त्यावर एक पाल.
शिट्ट्या झाल्या, खुर्च्या वाजल्या,
मॅनेजर येऊन दोन भाषांत माफी मागून गेला.
मग हाजराबी उठली
आणि टॉकीजच्या छतातून हेलिकॉप्टर आणलं.
इन्स्पेक्टर पुलावर अडकला होता,
त्याला तंगेव्वानं दोरी टाकली.
अगं तूच म्हणालीस न्हवं, मरतोय म्हणून?
म्हणाली की. बायको हाय त्याला. पूल पडू दे.
पूल पडला. इन्स्पेक्टर भिजला नुसता.
बुरखा आईनं काढला.
आत सेक्रेटरी.
का केलं, कसं केलं, विष कुठल्या कपात,
तिनं सगळं सांगितलं, हातवारे न करता,
मजुरीचा हिशेब सांगावा तसं.
कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जुन्याच तिकिटावर
नववं रीळ दाखवलं.
खुनी निघाला आंधळा काका. आंधळा नव्हताच.
इन्स्पेक्टर फोटो छातीशी धरून बुडाला.
गोळी लागली, डाव्या दंडाला,
तेव्हाही हाजराबी काही बोलली नाही.

आई बाहेर येऊन चपला शोधत राहिली.
मग म्हणाली, नाक्यावर रीळ बदललं त्यांनी.

वर्गात मी हे सांगत नाही.
फळ्यावर रेघा मारतो, पाठलाग, वेषांतर, उकल,
मुली उतरवून घेतात, मी त्यांची बोटं बघतो.
भरमू पुढं आमच्याच गल्लीत राहायला आला.
आई त्याला अंगणात गाठून विचारायची,
खरं सांग, बदललं न्हवं?
पंधरा-वीस वर्षं विचारलं तिनं,
आणि तो दरवेळी,
किंचित उशिरा,
न्हाई म्हणायचा.